तुमचे विणकाम, तुमचे प्रश्न: सोलापूरच्या वसंतासाठी सुती कार्डिगन

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात जोडभावी पेठेत राहते. घरी सासूबाई, यजमान आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत आणि मी एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन सुयांवरचे साधे विणकाम मला येते. मुलांच्या टोप्या आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर एवढे हातून झाले आहे. आता स्वतःसाठी पुढून बटणांचे, हलके कार्डिगन विणावे असे मनात आहे, म्हणजे थंडी ओसरल्यावर सकाळी मुलांना शाळेत सोडताना आणि नंतर कार्यालयातल्या वातानुकूलित खोलीत ते घालता येईल. दुकानातली ॲक्रिलिकची लोकर अंगाला उकडते. यजमान यंत्रमाग कारखान्यात असल्याने २/२० च्या पांढऱ्या सुताचे काही कोन घरात आहेत. ते विणकामाला चालतील का? दुसरी अडचण वेळेची आहे. पाणी येईल त्या दिवशी पहाटेपासून भरण्याची धावपळ असते, संध्याकाळी भाकऱ्या आणि मुलांचा अभ्यास असतो, त्यामुळे सलग तासभर बसणे कधीच होत नाही. अशा घरात एवढे मोठे काम पुरे होईल का, आणि ते कधी सुरू करावे?

उत्तर : घरातले सूत चालेल आणि माझ्या मते ॲक्रिलिकपेक्षा चांगले चालेल, मात्र कोनावरून निघते तसे एकेरी घेऊन चालणार नाही. आधी हंगामाचा विचार करू, कारण त्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो, पण आपल्याकडे चैत्र लागेपर्यंत दुपारी पंखासुद्धा पुरेनासा होतो. सोलापूरकरांचा कार्डिगनचा वसंत म्हणजे संक्रांतीच्या सुमाराची गड्ड्याची जत्रा उलगडल्यापासून रंगपंचमीपर्यंतचे दिवस, ज्यांत पहाटे गारवा असतो आणि अकरानंतर ऊन चटके देऊ लागते. या दिवसांना ऊब धरून ठेवणारा जाड स्वेटर नको असतो. घाम टिपणारा, वारा खेळू देणारा आणि काढला तर पिशवीत मावणारा कपडा हवा असतो, आणि तो सुताचाच असावा.

आता तुमच्या कोनांविषयी. २/२० म्हणजे २० काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले सूत, म्हणजे जाडीने १० काउंटच्या एका पदराइतके. काउंटच्या हिशेबात एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा काउंट असतो. त्यामुळे १० काउंटचे सूत एका पौंडात ८,४०० वार, म्हणजे १०० ग्रॅमला जवळजवळ १,७०० मीटर भरते. इतक्या बारीक धाग्याने कार्डिगन विणायला घेतले तर पुढच्या वर्षीही पाठच चालू असेल. असे चार धागे एकत्र धरले की १०० ग्रॅमला सुमारे ४२० मीटर भरणारा धागा तयार होतो, जो बाजारात मिळणाऱ्या बारीक चारपदरी लोकरीच्या जवळ जातो आणि १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुईवर नीट बसतो. तुमचा कपडा सुमारे ४०० ग्रॅममध्ये होईल. ५० ग्रॅम जादा काढून ठेवा. चार कोन टोपलीत उभे ठेवून चारही टोके एकदमच गुंडाळावीत आणि गुंडा करताना एखादा धागा सैल राहत नाही ना याकडे लक्ष द्यावे, कारण सैल राहिलेला पदर विणताना फासासारखा वर येतो आणि नंतर अंगठीत, बांगडीत अडकत राहतो. सुईचे टोक फार अणकुचीदार असेल तर चारांतले तीनच धागे उचलले जातात, म्हणून किंचित बोथट टोकाची सुई निवडावी.

कोनांपैकी एखादा ताण्यासाठी, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसाठी, तयार केलेल्या सुताचा असेल तर त्याला खळ दिलेली असेल आणि तो हाताला कडक लागेल. अशा सुताची लडी करून, ती दोन-तीन ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात खळ जाईपर्यंत धुवावी आणि सावलीत वाळवावी. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, सुताला ही यातायात नसते. यजमानांना विचारून आणखी एक खात्री करून घ्या की हे सूत खरोखर दोनपदरी आहे. एकपदरी सुताचा पीळ एकाच दिशेचा असल्यामुळे त्याची सुलट-उलट वीण धुतल्यावर एका बाजूला कलते, कडेच्या शिवणी पोटावर येतात आणि मग कितीही इस्त्री केली तरी कपडा सरळ होत नाही.

यापुढची गोष्ट अनेक जणी टाळतात, आणि सुताच्या बाबतीत ती टाळणे सर्वांत महागात पडते. पाच-सहा इंचांचा चौकोनी नमुना विणा, तो कपडा जसा धुणार तसा धुवा, वाळवा आणि मग एक रात्र खाली दोन-तीन चिमटे लावून टांगून ठेवा. लोकरीच्या तंतूला मुळातच कुरळेपणा असतो, त्यामुळे ती ताणली तरी परत येते. सुताला तो गुण नाही, शिवाय ते वजनाला जड, म्हणून सुती कपडा स्वतःच्या भाराने लांबीत उतरतो. टांगलेल्या नमुन्याची लांबी किती वाढली ते पाहिले की प्रत्यक्ष कपडा किती आखूड विणायचा हे समजते. टाके मात्र नमुना सपाट पसरून ठेवून, मधल्या चार इंचांत मोजावेत. समजा, तेथे २६ टाके आणि ३४ ओळी भरल्या, तर इंचाला साडेसहा टाके आणि साडेआठ ओळी झाल्या. तयार कपड्याचा घेर ४० इंच ठेवायचा असेल तर पाठीला २० इंच, म्हणजे १३० टाके घालावे लागतील. आता हेच टाके तुम्ही नमुना न विणता, अंदाजाने घातले आणि हात थोडा सैल असल्यामुळे इंचाला सहाच टाके बसले, तर पाठ पावणेबावीस इंचांच्या आसपास जाते आणि पूर्ण घेर सुमारे सव्वातीन इंचांनी वाढतो. अर्धा टाका ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्यापायी खांदे दंडावर उतरतात.

आजकाल गळ्यापासून खाली एकसंध विणण्याची पद्धत लोकप्रिय आहे, आणि लोकरीसाठी ती चांगलीही आहे. सुती कार्डिगनसाठी मात्र मी जुन्या पद्धतीचीच शिफारस करीन: पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या वेगवेगळ्या विणून शिवाव्यात. शिवणींमुळे जड सुताला आधार मिळतो, विशेषतः खांद्याच्या शिवणीत आतून अरुंद सुती फीत घातली तर कपडा रुंदीत पसरत नाही. आणि तुमच्या घराचा विचार केला तर सुटे भाग आणखी सोयीचे पडतात. बाहीचा तुकडा लहानशा पिशवीत मावतो, पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत काढता येतो, आणि गरम दिवसांत पूर्ण कपड्याचे ओझे मांडीवर घेऊन बसावे लागत नाही.

वेळेचा हिशेब तर स्पष्टच करता येतो. मध्यम गतीच्या हाताला १३० टाक्यांची एक ओळ साधारण पाच मिनिटे घेते. पाठीची लांबी २२ इंच धरली तर १८७ ओळी, म्हणजे साधारण साडेपंधरा तास. पुढचे दोन्ही भाग मिळून जवळपास तितकेच, कोपराखाली येणाऱ्या दोन बाह्यांना चौदा तास, पट्ट्या आणि शिवणकामाला पाच-सहा तास. एकूण पन्नासच्या घरात. रोज सरासरी अर्धा तास मिळाला तर शंभर दिवस. तुळशीच्या लग्नापासून महाशिवरात्रीपर्यंत साधारण साडेतीन महिने असतात. त्या मुहूर्तावर टाके घातले तर संक्रांतीला पाहुणे आले, मध्ये चार दिवस सुया बाजूला राहिल्या, तरी शिवरात्रीच्या सुमारास कार्डिगन अंगावर येईल. शिमग्यात सुरू करून चालणार नाही, कारण ते पूर्ण होईल तेव्हा आंबे संपत आलेले असतील.

हा अर्धा तास एकदम मिळणार नाही असे तुम्ही म्हणता, आणि मी तो एकदम शोधायलाही सांगणार नाही. नक्षी निवडतानाच व्यत्यय गृहीत धरावा. पाठ आणि बाह्या पूर्ण साध्या ठेवा, सुलट बाजूला सुलट आणि उलट बाजूला उलट. हे काम मुलांचे पाढे ऐकताना किंवा सासूबाईंशी बोलतानाही चालते. जाळी फक्त पुढच्या दोन भागांच्या कडेला दहा-बारा टाक्यांत घ्या, आणि तीही अशी की सुलट बाजूला धागा पुढे घेऊन दोन टाके एकत्र विणायचे आणि उलटीकडची प्रत्येक ओळ सरसकट उलट. चार ओळींत पुरी होणारी नक्षी वहीवर न पाहता लक्षात राहते. सोळा ओळींची नक्षी अभ्यास घेणाऱ्या आईला परवडत नाही, ती सुट्टीत माहेरी गेल्यावर करावी. हाक आली तरी ओळ पूर्ण करूनच उठावे, कारण मध्येच सोडलेल्या ओळीत सुताचे टाके त्या जागी सैल पडतात आणि तेथे कायमची रेघ दिसते. ओळींची नोंद मात्र डोक्यात ठेवू नका. पिशवीत चिठ्ठी ठेवून दर दहा ओळींना एक खूण करा. पाण्याच्या दिवशी विणकामाला सुट्टीच द्यावी, दमलेला हात घट्ट विणतो आणि त्या दिवसाचा पट्टा वेगळा ओळखू येतो.

आणि हो, तुमचे सूत पांढरे आहे. फोडणीवरून उठून थेट सुया हातात घेऊ नका. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि पाहणाऱ्याचा जीव जातो, मात्र कडक उन्हात तो बराचसा उडतो, आणि उन्हाची आपल्याकडे वानवा नाही.

प्रश्न : माझ्या सुती कार्डिगनची बटणपट्टी पुढे लोंबते आणि बटणे आपोआप सुटतात. उसवून पुन्हा विणावी का? (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : पट्टीपुरतेच उसवा. पुढच्या भागाच्या कडेने टाके उचलताना प्रत्येक ओळीला एक टाका उचलला असावा, म्हणून पट्टी कडेपेक्षा लांब झाली आहे. दर चार ओळींना तीन टाके या प्रमाणात उचला आणि पट्टी मूळ सुईपेक्षा दोन नंबर बारीक सुईवर, म्हणजे १० नंबरवर विणले असेल तर १२ नंबरवर, विणा. काजासाठी दोन-तीन टाके बंद करून मोठे भोक ठेवू नका. धागा पुढे घेऊन दोन टाके एकत्र विणल्याने पडणारे भोक लहान बटणाला पुरते, आणि सूत सैलावते हे धरून ते आधी थोडे घट्टच वाटले पाहिजे. काजाभोवती शिवणाच्या दोऱ्याने काजटाका घालून घ्यावा. पट्टीच्या मागे सुती फीत लावायची असेल तर ती आधी धुवून आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात फीत आटेल आणि पट्टीला चुण्या पडतील. बायकांच्या कपड्यात काजे उजव्या पुढच्या भागावर येतात, हे टाके उचलण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून पत्नीकडून विणकाम शिकलो. तिच्यासाठी कार्डिगन विणत आहे, पण लांब सरळ सुयांनी मनगट दुखते. गोल सुईवर सपाट भाग विणता येतो का? (विजापूर रस्ता, सोलापूर)

उत्तर : येतो, सर. गोल सुई गोलच विणण्यासाठी असते असे नाही. ओळ संपली की काम उलटे करून परत विणत यावे. कापडाचे वजन मधल्या केबलवर आणि मांडीवर राहते, सरळ सुयांप्रमाणे मनगटावर येत नाही. सुती कामात हा फरक लवकर जाणवतो. सुई बदलल्यावर हाताचा ताण बदलतो, म्हणून चालू भाग आहे त्याच सुयांवर पूर्ण करून नवा भाग गोल सुईवर घ्यावा, आणि त्याआधी नमुना विणून टाके ताडून पाहावेत.

प्रश्न : पांढऱ्या कार्डिगनला लाल पट्ट्या विणल्या आहेत. धुताना रंग लागेल या भीतीने ते पाण्यात घातलेलेच नाही. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो का? आणि वाळवावे कसे? (सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : मिठाचा उपयोग सूत रंगवताना होतो, कारण तेव्हा ते रंगाला तंतूकडे ढकलते, रंगवून झालेल्या सुताचा सैल रंग मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. उरलेल्या लाल सुताचा तुकडा पांढऱ्या चिंधीत गुंडाळून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. चिंधी पांढरीच राहिली तर निर्धास्त धुवा. गुलाबी झाली तर कार्डिगन भिजत न ठेवता भरपूर गार पाण्यात झटपट धुवा आणि ओले असताना लाल भाग पांढऱ्यावर पडू देऊ नका. पिळू नका, जाड सोलापुरी टॉवेलात गुंडाळून, वरून दाबून पाणी टिपून घ्या. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर बटणे लावून, बाह्या सरळ करून, मापाप्रमाणे बेतून सावलीत पसरा. दोरीवर टाकल्यास बाह्या लांबतात, म्हणून कपाटातही हँगरला न लावता घडी करूनच ठेवा.