सरकारी कंत्राटात पोटकंत्राटदार नेमला तर भ्रष्टाचाराचा धोका नेमका कुठे असतो?

पोटकंत्राट मुळात वाईट नाही. एकाच कंपनीकडे खोदाईपासून लिफ्टपर्यंत सगळं कसं असणार? गोम वेगळीच आहे: निविदेची चाळणी मुख्य कंत्राटदाराला लागते, पोटकंत्राटदार मात्र तो स्वतःच्या मर्जीने निवडतो.

सर्वांत मोठा धोका संगनमताचा. समजा तिघांनी निविदा भरल्या. दोघांनी मुद्दाम चढे दर टाकले, तिसऱ्याला काम मिळालं आणि सहा महिन्यांनी त्याच साइटवर 'हरलेल्या' दोघांची मशिनरी उभी! गप्प बसण्याचा मोबदला असा रीतसर बिलं लावून, जीएसटीसकट चुकता होतो. लाच म्हणून काही सापडतच नाही. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हरलेल्या स्पर्धकाला वारंवार पोटकंत्राट जाणं हे धोक्याचं लक्षण मानलंय. निविदा भरू शकणारा माणूस ऐनवेळी माघार घेतो आणि नंतर पोटकंत्राटदार म्हणून उगवतो, तेही त्यातलंच.

दुसरा प्रकार म्हणजे अधिकाऱ्याच्या मेव्हण्याची कागदी कंपनी. 'सल्ला सेवा' असं मोघम बिल, प्रत्यक्षात काम शून्य. शिवाय साखळी लांबली की प्रत्येक जण आपला वाटा कापतो, आणि शेवटच्याकडे सिमेंटमध्ये काटकसर करण्याखेरीज पर्याय उरत नाही.

उपाय? पोटकंत्राटदारांची नावं आणि कामाचा वाटा निविदेतच मागवा, खरे मालक तपासा, बदलाला लेखी मंजुरी सक्तीची करा. युरोपीय संघाच्या 2014 च्या खरेदी निर्देशात पोटकंत्राटदाराला थेट पैसे देण्याचीही सोय आहे. पण सरसकट बंदी नको. त्याने लहान कंपन्याच बाहेर फेकल्या जातात आणि व्यवहार तोंडी होऊ लागतात.