ॲक्च्युरियलच्या एमएस्सीसाठी यूकेला जायचंय, आयईएलटीएसची तयारी क्लास न लावता होईल का?

होईल. तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बीएस्सी स्टॅटिस्टिक्सचं शेवटचं वर्ष आणि इंग्रजीच्या या परीक्षेत एकूण ६.५ बँड (म्हणजे गुण) हवेत. पण प्रत्येक विभागात किमान किती मागितलेत ते आधी बघा. मी नेमका तिथेच अडकलो. लिसनिंग ७.५, रीडिंग ७.५, स्पीकिंग ६, रायटिंग ५.५. सरासरी ६.६२५, म्हणजे एकूण ६.५ आले, पण रायटिंगला किमान ६ हवे होते. ॲक्च्युरी, म्हणजे विम्यातली जोखीम आकड्यांनी मोजणारा, व्हायला निघालेला माणूस आणि सरासरीच्या भरवशावर राहिला!

आपल्यासारख्या आकडेवाल्यांचा घोळ रायटिंगमध्येच होतो. टास्क १ मध्ये आलेख किंवा तक्ता देतात, त्यावर किमान १५० शब्द लिहायचे. आलेख दिसला की माझं डोकं कारणं शोधायला लागायचं: हा दर इथे का घसरला, पुढे काय होईल. तिथे ते कुणी विचारलेलंच नसतं. ठळक बदल, तुलना, एकूण चित्र सांगणारं एक वाक्य, बस. प्रत्येक आकडा लिहायचीही गरज नाही. मी त्यातच ३५ मिनिटं घालवली आणि टास्क २ चा २५० शब्दांचा निबंध कसाबसा उरकला. वजन मात्र त्या निबंधालाच दुप्पट! तासातली ४० मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवा. कारणं आणि उदाहरणं द्यायची हौस तिथे भागवा.

क्लासमध्ये पाठ करून घेतात ती गुळगुळीत वाक्यं टाळा, तपासणाऱ्याला ती लगेच ओळखू येतात. त्यापेक्षा आठवड्याला तीन निबंध घड्याळ लावून लिहा आणि कॉलेजमधल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना लाल पेनाने तपासायला द्या. मी दुसऱ्या वेळी एवढंच केलं.

लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की गुण गेला, आणि फिफ्टीन-फिफ्टी नीट ऐका. स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं असतं. त्यात एका कार्डावरच्या विषयावर मिनिटभर विचार करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. रोज मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आपण मनात मराठी वाक्य जुळवत किती वेळ गप्प राहतो, ते ऐकून मला लाज वाटली होती.

निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे फार आधी देऊ नका. कॉम्प्युटरवर परीक्षा दिलीत तर ६० दिवसांच्या आत एकच विभाग पुन्हा देता येतो, पण तो निकाल तुमचं विद्यापीठ धरतं का, हे ईमेल करून विचारा आणि मगच पैसे भरा.