गोलाईची काच: वाचकांच्या शंका

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या बंगल्याचं काम सुरू आहे. जिना गोल आहे आणि त्याला काचेचं रेलिंग हवंय. एक काचवाला 12 मिलिमीटरची टफन पुरे म्हणतो. दुसरा लॅमिनेटेडच घ्या म्हणतो आणि दर बराच जास्त लावतो. खरंच गरज आहे का?

आहे. टफन, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली काच, फुटली की अख्खी फुटते. तुकडे बोथट असतात हे खरं, पण पहिल्या मजल्यावरून ते खालच्या हॉलमध्ये ढेपांनी पडतात आणि रेलिंगच्या जागी नुसती पोकळी उरते. घरात लहान मूल असेल तर पुढचं काही सांगायला नको. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे तडकलेली काच त्यालाच धरून राहते. जिन्याला आणि गॅलरीला दोन टफन काचा लॅमिनेट करूनच घ्या. वर धरायला पाइप हवाच, मग आर्किटेक्टला तो कितीही खटकू दे.

दर जास्त का, तेही समजून घ्या. काच साधारण 620 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वाकवतात आणि लगेच हवेच्या जोरदार झोतानं थंड करतात. अशा दोन काचांची गोलाई तंतोतंत जुळत नाही. मधली फट भरायला थर जाड लागतो, सपाट काचेला चालतो तसा 0.76 चा नव्हे, निदान 1.52 मिलिमीटरचा. कोटेशनवर 13.52 दिसलं तर तो 6 अधिक 1.52 अधिक 6 असा हिशेब आहे. 12.76 लिहिलं असेल तर गोल टफन एवढ्या पातळ थरात कशी बसवणार, ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान गाठा. आणि काचेला आयएस 2553 हे सुरक्षा काचेचं भारतीय मानक लागू आहे, तो शिक्का काचेवरच बघून घ्या.

खरा घोळ होतो तो मापात. ग्रॅनाइट बसायच्या आधी माप देऊ नका, कारण टफन झालेली काच नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. माप पायऱ्यांच्या उतारानं नको, जमिनीला समांतर घ्या. दोन टोकांत दोरी ताणा, दोरीची लांबी मोजा आणि दोरीच्या मध्यापासून गोलाईपर्यंतचं पोट मोजा. समजा दोरी 1800 आणि पोट 200 मिलिमीटर. 1800 चा वर्ग भागिले 200 ची आठपट म्हणजे 2025, त्यात पोटाचे निम्मे 100 मिळवले की रेडियस 2125. हा रेडियस काचेच्या आतल्या अंगाचा की बाहेरच्या, हे ऑर्डरवर शब्दांत लिहा. शिवाय प्रत्येक तुकड्याला सुताराकडून प्लायचा फर्मा करून घ्या. दिवसभराचं काम वाढेल, पण काच परत पाठवण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न: गंगापूर धरणाच्या बाजूला आमच्या द्राक्षबागेत वाइन टेस्टिंगची खोली बांधतोय. पाण्याकडे, म्हणजे पश्चिमेला, आत वळलेली मोठी काचेची भिंत आर्किटेक्टनं काढली आहे. ऊन सोडलं तर काही अडचण?

अडचण उन्हाचीच आहे, पण आतल्या नव्हे, बाहेरच्या. बाहेरून खोलगट दिसणारी काच ऊन परतवून एका रेषेत गोळा करते. ही रेषा साधारण अर्ध्या रेडियसवर पडते. तुमचा रेडियस 8 मीटर असेल तर भिंतीपुढे 4 मीटरवर, म्हणजे नेमकं जिथे तुम्ही टेबलं मांडणार तिथे. सूर्य मावळतीला आला की किरण जवळजवळ आडवे येतात आणि ते थेट बसलेल्या माणसाच्या तोंडावर. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या खोलगट काचांनी 2013 मध्ये रस्त्यावर उभ्या असलेल्या जॅग्वार गाडीचे भाग वितळवले होते. पुढे त्या इमारतीला आडव्या झडपा लावाव्या लागल्या.

तुमची भिंत त्यापुढे किरकोळ आहे. साधी पारदर्शक काच समोरून येणारं ऊन 8 टक्क्यांच्या आसपास परतवते, तेवढ्यानं फार बिघडत नाही. आरशासारखं कोटिंग घेतलं की मात्र आकडा कितीतरी वाढतो, आणि पश्चिमेला म्हणून दुकानदार तीच काच पुढे करेल. माझं मत विचाराल तर वळण उलटं करा, पोट बाहेर काढा. ऊन पांगेल आणि आतून धरणही जास्त दिसेल. पुढे खोल पडवी मात्र हवीच.

प्रश्न: अंबडमधल्या ऑफिसला मुंबईहून गोल डबल काच आणली. दोन पावसाळ्यांत दोन काचांच्या मध्ये वाफ धरली. पुसता येत नाही. काय करावं?

ती काच बदलावी लागेल. कडेचं सील गेलं की आतली ओल काढायला उपाय नाही. नवी मागवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. काच मुंबईत सीलबंद झाली तर आतली हवा समुद्रसपाटीच्या दाबाची असते. कसारा घाट चढून ती नाशिकला सुमारे 600 मीटरवर येते आणि इथला दाब 7 टक्क्यांच्या आसपास कमी. सपाट काच अशा वेळी जराशी फुगते आणि ताण सैल होतो. गोल काच आकारामुळेच ताठ असते, ती फुगत नाही. मग सगळा जोर कडेच्या सीलवर येतो, त्यात एप्रिल-मेचं ऊन आतली हवा आणखी तापवतं. ऑर्डर देताना काच कुठे बसणार, त्या जागेची उंची कळवा. दाब जुळवायला कडेत बारीक स्टीलची नळी ठेवतात, ती मागा. कडेचं सीलही नेहमीपेक्षा रुंद घ्यायला सांगा.

प्रश्न: फॅब्रिकेटर म्हणतो, सपाट टफन आणू आणि फ्रेममध्ये दाबून जागेवरच गोल करू. चालतं का?

रेडियस खूप मोठा असेल आणि इंजिनिअरनं ताणाचा हिशेब कागदावर दिला असेल तर चालतं. दोन-अडीच मीटरच्या गोलाईला नाही.

प्रश्न: कॉलेज रोडला कोपऱ्यावर दुकान आहे. दर्शनी भाग गोल हवाय, पण गोल काचेचा खर्च झेपत नाही.

सपाट काचाच लावा. लंडनच्या ‘गर्किन’ या प्रसिद्ध काकडीच्या आकाराच्या इमारतीत फक्त शेंड्याची काच वळलेली आहे, बाकी सगळ्या सपाट. इंग्लंडमधल्या इप्सविच गावी आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांची 1975 ची विलिस फेबर इमारत रस्त्याबरोबर वळत जाते, तीही सपाट काचांवरच. तुमचा रेडियस 3 मीटर धरला आणि 600 मिलिमीटर रुंदीच्या काचा लावल्या, तर मध्यावर खऱ्या गोलाईपासून फरक पडतो फक्त 15 मिलिमीटरचा. रस्त्यावरून कुणाच्या लक्षातही येणार नाही. उभे सांधे पारदर्शक सिलिकॉनचे ठेवा आणि कडा पॉलिश करून घ्या. उद्या एक काच फुटली तर तेवढीच बदलता येईल. दाराचा भाग मात्र 900 चा धरा, कारण फ्लोअर स्प्रिंगचं, म्हणजे जमिनीत बसवलेल्या स्प्रिंगवर आपोआप मिटणारं, दार 600 मध्ये बसवलं तर गिऱ्हाईक पिशव्या घेऊन अडकेल.