फुल थ्रॉटलला सुपरचार्ज्ड पिकअप मिसफायर करते. प्लग, कॉइल बदलून झाले, आता काय तपासू?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. २००२ ची फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, ५.४ लिटरचं व्ही८. आधीच्या मालकाने सुपरचार्जरला (इंजिनमध्ये हवा दाबून भरणारा पंप) लहान पुली, मोठा इनटेक (हवा आत घेणारी नळी) आणि वेगळी ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) टाकलेली. सहा महिने गाडी सुरेख चालली. आताही उभी असताना किंवा हळू चालवताना काही तक्रार नाही. पण पाय पूर्ण दाबला की ४,५०० आरपीएमच्या आसपास इंजिन फटफटायला लागतं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि पाय काढला की सगळं पूर्ववत. स्कॅनरवर पी०३०० (वेगवेगळ्या सिलिंडरांत मिसफायर, म्हणजे मिश्रण न जळणं) आणि अधूनमधून पी०३०७ (७ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर). तुम्ही आठही प्लग आणि ७ व ८ नंबरच्या कॉइल बदलल्या, फरक पडला नाही, आणि आता इंजेक्टरचा पूर्ण सेट मागवायच्या विचारात आहात.

इंजेक्टर आत्ता मागवू नका. आणि कारण सापडेपर्यंत पाय पूर्ण दाबणं बंद करा, हे त्याहून महत्त्वाचं. हा दिवा नुसता पेटून राहिला तर सवडीने बघता येतं; लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. त्यात बूस्टखाली (सुपरचार्जर हवा दाबून भरत असताना) पेट्रोल कमी पडत असेल तर नॉकिंग (मिश्रण आपोआप, स्फोटासारखं जळणं) सुरू होऊन पिस्टनची कड किंवा रिंगांमधली पट्टी काही सेकंदांत जाते. "अजून एकदा दाबून बघू, येतो का आवाज" असं करत बरीच चांगली इंजिनं गेली आहेत.

माझ्याकडे हीच गाडी आहे, २००१ ची. मलाही हाच त्रास झाला होता आणि मीसुद्धा आधी पार्ट बदलत सुटलो होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न: नवीन प्लगची गॅप (ठिणगी जिथे पडते ती टोकाची फट) तुम्ही मोजली होती का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मला वाटतं डबीतून काढून तसेच बसवले असावेत. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकी ठिणगीला ती फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. उभ्या गाडीत दाब कमी असतो, त्यामुळे थकलेली कॉइलही काम भागवते. लाइटनिंगचा मूळ बूस्ट ८ पीएसआयच्या आसपास. लहान पुलीने तो १२ किंवा त्याच्याही वर जातो. तिथे १.३ मिमीची गॅप असेल तर ठिणगी पडतच नाही, आणि लक्षण अगदी तुम्ही लिहिलंय तेच दिसतं: खाली सगळं ठीक, वर फटफट. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या आणि गॅप ०.९ मिमीच्या जवळपास आणा. प्लग मूळच्या हीट रेंजचे (प्लग किती गरम राहतो याची श्रेणी) असतील तर एक पायरी थंड घ्या.

प्लग काढलेच आहेत तर कॉइलच्या रबरी बुटात टॉर्च मारून बघा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली, शिसपेन्सिलने ओढल्यासारखी बारीक करडी रेघ दिसली तर तो कार्बन ट्रॅक. ठिणगी टोकाशी पडण्याऐवजी त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर हेडमध्ये उतरते. ही रेघ प्लगवर असली की बहुतेकदा बुटाच्या आतही असते, त्यामुळे नुसता प्लग बदलून भागत नाही, बूटही बदलावा लागतो. इंजिन धुताना प्लगच्या खड्ड्यात पाणी गेलेलं असेल तर हे हमखास होतं. आणखी एक: या टू-व्हॉल्व्ह हेडमध्ये प्लगला फार थोडे आटे असतात. इंजिन पूर्ण थंड असताना, टॉर्क पान्यानेच प्लग बसवा. सैल राहिलेला प्लग आट्यांसकट बाहेर उडतो, आणि मग खर्च भलत्याच पातळीवर जातो.

आता पी०३०७. सात नंबर म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा पुढून तिसरा सिलिंडर. तिथली कॉइल ५ वर आणि ५ ची ७ वर लावा, बाकी कशाला हात लावू नका. पुढच्या वेळी पी०३०५ आला तर दोष कॉइलमध्ये. कोड ७ वरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. तुम्ही दोन कॉइल आणि आठ प्लग एकदम बदललेत, त्यामुळे कशाने काय झालं आणि काय झालं नाही हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही.

पण तुमचा मुख्य कोड पी०३०० आहे, म्हणजे मिसफायर एका सिलिंडरला धरून नाही. असं असलं की माझा संशय सगळ्या सिलिंडरांना समान असणाऱ्या गोष्टींवर जातो: हवा मोजणं, पेट्रोलचा दाब, ट्यून. इथे अंदाज बांधून उपयोग नाही, आकडे हवेत. डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये एकच पुल (पूर्ण थ्रॉटलवरची एक धाव) घ्या आणि लॅपटॉपवर लॉग करा: आरपीएम, मास एअरफ्लो सेन्सरची (आत येणारी हवा मोजणारा) व्होल्टेज, इंजेक्टरचा पल्स (तो किती वेळ उघडा राहतो), इग्निशन टायमिंग, सुपरचार्जरनंतरच्या हवेचं तापमान आणि वाइडबँडवरचा (मिश्रण अचूक मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) हवा-पेट्रोलचा रेशो; हा आकडा वाढला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. गाडीचे मूळचे ऑक्सिजन सेन्सर बूस्टखालच्या मिश्रणाचा खरा आकडा सांगू शकत नाहीत, म्हणून वाइडबँड लागतोच. फटफट सुरू होताच पाय काढायचा. पुढचं काही बघायची गरज नाही.

माझ्या गाडीचा दोष याच लॉगमध्ये सापडला. थंडीचे पहिले काही दिवस होते. त्याआधी कडक उन्हात हीच ट्यून, हीच पुली असताना कधी कुरकुर नव्हती. मी दोन कॉइल बदलल्या, मग प्लग, मग पेट्रोल फिल्टर. शेवटी लॉग काढला. ४,४०० आरपीएमपर्यंत एअरफ्लो सेन्सरची रेघ छान चढत होती, आणि मग ५ व्होल्टच्या जरा खाली ती टेबलाच्या कडेसारखी सपाट झाली. आरपीएम पुढे ५,२०० पर्यंत वाढत गेला, रेघ तिथेच. त्याच जागेपासून वाइडबँड ११.६ वरून १२.४ आणि पुढे १३ च्या वर सरकत होता. सेन्सर बिघडलेला नव्हता. त्याची मोजायची हद्द संपली होती. इंजिन जास्त हवा ओढत होतं, कॉम्प्युटरला मात्र हवा वाढणं थांबलंय असं दिसत होतं, म्हणून तो पेट्रोलही वाढवत नव्हता.

हे थंडीतच का झालं, याचा हिशोब सोपा आहे. ३५ अंश सेल्सिअसची हवा ५ अंशांवर आली की तेवढ्याच आकारमानात साधारण ११ टक्के जास्त वजनाची हवा मावते. उन्हाळ्यात सेन्सर काठावर होता, थंडीने त्याला पलीकडे ढकललं. म्हणून तुम्हालाही विचारतो: त्रास नेमका कधी सुरू झाला? हवा बदलल्यावर? टाकी वेगळ्या पंपावर भरल्यावर? की इनटेकला हात लावल्यावर? मोठा इनटेक बसवताना सेन्सरचं हाउसिंग बदललं असेल तर तोच सेन्सर त्याच हवेला वेगळा आकडा दाखवतो, कारण तो सगळी हवा मोजत नाही. नळीतून जाणाऱ्या हवेचा छोटा हिस्सा मोजून बाकीचा हिशोब ट्यूनमधल्या तक्त्यावर चालतो. आधीच्या मालकाने ट्यून कोणत्या हाउसिंगसाठी करून घेतली होती हे त्याला फोन करून विचारा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून खूप कळतं.

लॉग वाचताना एका गोष्टीत मी पूर्वी फसलो होतो. मिसफायर होत असतानाचा वाइडबँडचा आकडा खरा मानू नका. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तिथला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर येतो आणि सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे. प्रत्यक्षात पेट्रोल भरपूर असू शकतं. म्हणून बघायचं ते फटफट सुरू होण्याच्या आधीचं अर्धं सेकंद. रेशो आधी सरकला आणि मग फटफट झाली, तर दोष हवा-पेट्रोलच्या बाजूला. ११.५ ते १२ मध्ये स्थिर असताना एकदम फटफट झाली आणि मग रेशो उडाला, तर ठिणगीकडे परत जा. तुमच्या बाबतीत सगळा निकाल या अर्ध्या सेकंदात आहे असं मला वाटतं.

रेशो आधी सरकतोय पण एअरफ्लोची रेघ चढतीच आहे, असं दिसलं तर पेट्रोलचा दाब तपासा. इंजेक्टरला कामाला येतो तो रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब वजा इनटेकमधला दाब. समजा रेलमध्ये ४० पीएसआय आहे. बूस्ट १२ आला आणि रेलचा दाब सोबत वाढला नाही, तर उरतात २८. पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहूनही पेट्रोल साधारण १६ टक्के कमी पडतं. रेलवरच्या प्रेशर सेन्सरला इनटेकमधून एक बारीक रबरी नळी येते. ती वाकवून बघा. जुनं रबर टोकाशी चिरलेलं असतं आणि सरळ असताना ती चीर दिसत नाही. शिवाय या गाडीच्या टाकीत दोन पंप आहेत. एक मेला तरी रोजच्या चालवण्यात पत्ता लागत नाही. दुसरा एकटा खेचून नेतो आणि पूर्ण थ्रॉटलला उघडा पडतो. हे कळायला दाबाचा गेज विंडशील्डला टेपने चिकटवून लोडखाली बघावं लागतं. गाडी उभी करून घेतलेला दाब इथे काहीच सांगत नाही. फ्युएल ट्रिमवरही (कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करतो त्या दुरुस्त्या) फार विसंबू नका, कारण पूर्ण थ्रॉटलला कॉम्प्युटर त्या दुरुस्त्या थांबवून थेट तक्त्यावरून पेट्रोल टाकतो.

इंजेक्टर खरंच अपुरे आहेत का, तेही याच लॉगमधून निघतं. ५,००० आरपीएमला एका सिलिंडरचं पूर्ण चक्र २४ मिलिसेकंदांचं. पल्स २० च्या वर जात असेल तर इंजेक्टर हद्दीवर आहेत, तेव्हा मोठे घेण्यात अर्थ आहे. १५-१६ असेल तर नवीन सेट बसवून काही बदलणार नाही. उलट त्यासाठी ट्यून पुन्हा करावी लागेल, ते वेगळंच.

बेल्ट घसरत असेल तर बूस्टच कमी होतो, आणि पुलीजवळ काळी पूड दिसते. इंटरकूलरचा पाण्याचा पंप बंद असेल तर पहिला पुल बरा जातो, दुसऱ्यात ताकद कमी होते. दोन्हींत गाडी ढेपाळते, पण अशी फटफटत नाही, म्हणून मी त्यांना मागे ठेवतो.

प्लग काढाल तेव्हा एक गोष्ट भिंगाखाली जरूर बघा, विशेषतः ७ नंबरची. चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे किंवा चमकणारे बारीक ठिपके दिसले तर नॉकिंग झालंय. चमकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. तसं असेल तर लॉगचा पुलसुद्धा घेऊ नका. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा: आठही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्जरवर. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला तर त्या सिलिंडरला लीकडाउन (आत दाबाची हवा सोडून ती कुठून गळते ते बघणं) लावा आणि कान द्या. हवेची फुसफुस थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग किंवा पिस्टन, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

माझ्या गाडीत जास्त रेंजचा एअरफ्लो सेन्सर आणि त्यासाठी नव्याने केलेली ट्यून एवढ्यावर काम झालं. काढलेल्या जुन्या कॉइल अजून शेल्फवर आहेत, सगळ्या चांगल्या. तुमच्याकडे मी मात्र आधी प्लगची गॅप मोजेन. अर्ध्या दिवसाचं काम, आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांशी सगळ्यात जास्त जुळतं ते तेच.