विमानतळाच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : स. न. वि. वि. मी आणि माझी थोरली बहीण पहिल्यांदाच परदेशी जात आहोत. इंदूरहून मुंबई आणि तिथून रात्रीच्या विमानाने बँकॉक असा बेत आहे. विमान पहाटे चारच्या सुमारास उतरते. दोघींचीही साठी उलटली आहे, सहल कंपनीबरोबर जात नसल्यामुळे घ्यायला कोणी येणार नाही. मुलगा म्हणतो, "उतरल्यावर टॅक्सी मिळेलच." पण भाषा येत नसताना अंधारात कोणाच्याही गाडीत बसायची धास्ती वाटते. हॉटेलपर्यंत सुखरूप कसे पोहोचावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे आणि तिच्यावरचा उपाय आपल्या हातातला आहे. फसवणुकीची बहुतेक प्रकरणे सामान घेऊन आगमन कक्षात आल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतात. झोप झालेली नसते, फोनला नेटवर्क लागलेले नसते, हातातल्या नोटा ओळखीच्या नसतात, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी अदबीने जवळ येऊन "टॅक्सी हवी का?" असे विचारतो. इंदूरच्या विमानतळाबाहेर पडताच घरचे माणूस समोर दिसते, त्यामुळे ही दहा-पंधरा मिनिटे आपल्याला कधी जाणवलेलीच नसतात. म्हणून एक नियम मनाशी पक्का करावा : जो आपल्याकडे चालत येतो त्याच्या गाडीत बसायचे नाही, आणि जिथे गाड्यांची अधिकृत रांग आहे तिथपर्यंत आपण स्वतः चालत जायचे. तो माणूस कितीही सभ्य दिसला, त्याच्या गळ्यात ओळखपत्र असले, तरी हा नियम मोडू नये.

आपण ज्या सुवर्णभूमी विमानतळावर उतराल तिथे ही रांग शोधणे अवघड नाही. आगमन कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे आणि मीटरच्या सार्वजनिक टॅक्सी पहिल्या मजल्यावर, इमारतीच्या बाहेर मिळतात. तिथे यंत्रे लावलेली आहेत. यंत्राचे बटण दाबले की एक चिठ्ठी येते, तिच्यावर मार्गिकेचा क्रमांक छापलेला असतो आणि त्या क्रमांकाच्या फलकाखाली आपली टॅक्सी उभी असते. ही चिठ्ठी चालकाच्या हाती न देता प्रवास संपेपर्यंत स्वतःजवळ ठेवावी, कारण तक्रार करायची वेळ आली किंवा एखादी पिशवी गाडीत राहिली तर गाडी शोधण्याचा तोच आधार असतो. भाडे मीटरप्रमाणे होते, त्यावर विमानतळाचे 50 बाथ अधिक द्यावे लागतात, आणि द्रुतगती मार्गाने गेल्यास टोल प्रवाशाने भरायचा असतो. चालकाने हे 50 बाथ मागितले तर ती लबाडी नाही. त्यावरून वाद घालू नये. मात्र मीटर न लावता एकच गोल रक्कम सांगितली, तर शांतपणे मीटरकडे बोट दाखवावे, आणि तरीही तो तयार नसेल तर उतरून दुसरी चिठ्ठी घ्यावी.

आता वेळेविषयी. बँकॉकचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे पहाटे चार वाजता आपल्या शरीराच्या हिशेबाने अडीचच वाजलेले असतील. शहरात जाणारी विमानतळ रेल्वे इमारतीच्या तळघरातून सुटते आणि साधारण अर्ध्या तासात फया थाई स्थानकापर्यंत पोहोचवते, पण ती मध्यरात्रीच्या सुमारास बंद होऊन पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास पुन्हा सुरू होते. शिवाय बहुतेक हॉटेलांत खोली दुपारीच मिळते. त्यामुळे चार वाजता धावपळ करून हॉटेल गाठण्यात मला काही अर्थ दिसत नाही. विमानतळ रात्रभर चालू असतो, आत पुरेशी माणसे असतात, खाण्यापिण्याची सोय असते. दोघींनी तोंड धुवावे, चहा घ्यावा, फोन चालू करून घ्यावा आणि उजाडल्यावर निघावे. हॉटेलला आधी कळवले तर खोली मिळेपर्यंत सामान ठेवून घेण्याची सोय सहसा होते. दोघींजवळ मिळून तीन-चार डाग असतील तर माझे मत टॅक्सीच्या बाजूने आहे. रेल्वे स्वस्त आहे, पण स्थानकापासून हॉटेलपर्यंतचा शेवटचा टप्पा जड बॅगा ओढत काढावा लागतो, आणि पहिल्याच दिवशी, साठीनंतर, तेवढ्या बचतीसाठी तो त्रास घेऊ नये.

खरी तयारी मात्र घरी करायची आहे. थायलंडने 1 मे 2025 पासून आगमनाचा डिजिटल अर्ज आधी भरणे बंधनकारक केले आहे आणि त्यात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो. तो अर्ज भरतानाच हॉटेलचा पूर्ण पत्ता, फोन क्रमांक आणि जवळची मोठी खूण एका कागदावर लिहून घ्यावी. हॉटेलला ईमेल पाठवून तोच पत्ता थाई लिपीत मागवावा आणि त्याची ठळक छापील प्रत जवळ ठेवावी, कारण बऱ्याच चालकांना रोमन लिपीतला पत्ता नीट वाचता येत नाही. एकाच नावाच्या साखळीची अनेक हॉटेले त्या शहरात आहेत, तेव्हा नुसते नाव सांगून भागत नाही. रस्ता आणि गल्लीचा क्रमांक हवाच. फोनमध्ये शहराचा नकाशा इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून ठेवावा. ग्रॅबसारखे गाडी बोलावण्याचे अॅप वापरायचे असेल तर त्याची नोंदणी इंदुरातच करावी, कारण त्यासाठी लागणारा ओटीपी आपल्या भारतीय क्रमांकावर येतो आणि परदेशात तो येईलच असे गृहीत धरता येत नाही. बँकेचे कार्डही तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनंतर नवी कार्डे देशांतर्गत व्यवहारांपुरतीच चालू असतात, परदेशातला वापर आपल्याला स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. हे ध्यानात न आल्यामुळे तिथल्या एटीएमसमोर अडून बसलेली मंडळी पुष्कळ आहेत.

गाडीत बसण्यापूर्वी क्रमांकाच्या पाटीचे छायाचित्र काढून मुलाला पाठवावे, आणि ते चालकाच्या देखत काढावे. दोघींनी मागे बसावे. पारपत्र, पैसे आणि औषधे यांची पिशवी डिकीत न ठेवता मांडीवर असावी. नकाशा चालू ठेवला म्हणजे गाडी शहराच्या दिशेने जात आहे की नाही हे एका नजरेत कळते. "तुमचे हॉटेल बंद झाले आहे, मी दुसरे चांगले दाखवतो" असे चालक म्हणाला, तर त्याच्या देखत हॉटेलला फोन लावावा. एवढ्यानेही बहुतेक वेळा विषय संपतो. लहान नोटा हाताशी ठेवाव्यात, मोठी नोट द्यावीच लागली तर तिची रक्कम मोठ्याने उच्चारून द्यावी, आणि सामान डिकीतून उतरल्यानंतरच पैसे चुकते करावेत. काही अडचण आलीच तर थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा 1155 हा क्रमांक आहे आणि तिथे इंग्रजीत बोलता येते. हा क्रमांक दोघींच्याही फोनमध्ये असावा, एकीच्याच नको.

प्रश्न : आम्ही उभयता पॅरिसला जाणार आहोत. हॉटेलच्या पत्त्यात 75006 असा पिन आहे. विमानतळावर टॅक्सीवाले मनाला येईल तो भाव सांगतात असे ऐकले. हॉटेलने गाडी पाठवण्याची तयारी दाखवली आहे, पण ती महाग वाटते. काय करावे?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : मनाला येईल तो भाव सांगणारे तिथे आहेत, पण त्यांतले बहुतेक टॅक्सीवालेच नसतात, इमारतीच्या आत फिरून गिऱ्हाईक हेरणारी ती माणसे असतात. अधिकृत टॅक्सीचा भाव पॅरिसमध्ये सरकारनेच ठरवून दिलेला आहे. शार्ल द गोल विमानतळ ते शहर हे भाडे सेन नदीच्या कोणत्या तीरावर जायचे यावर अवलंबून असते : 2024 च्या दरांप्रमाणे उजव्या तीरासाठी 56 आणि डाव्या तीरासाठी 65 युरो. रात्र असो, रहदारी असो किंवा रविवार असो, रक्कम तीच राहते. निघण्यापूर्वी चालू वर्षाचा दर तेवढा पाहून घ्यावा.

आपण दिलेला पिन इथे फार उपयोगी आहे. पॅरिसच्या पिनमधले शेवटचे दोन आकडे म्हणजे शहराच्या विभागाचा क्रमांक. पाच, सहा, सात, तेरा, चौदा आणि पंधरा हे विभाग डाव्या तीरावर येतात, बाकीचे उजव्या. आपले हॉटेल सहाव्या विभागात आहे, म्हणजे आपल्याला डाव्या तीराचा दर लागू होईल. हा आकडा कागदावर लिहून गाडीत बसण्यापूर्वीच चालकाला दाखवावा आणि उतरताना छापील पावती मागावी. खऱ्या टॅक्सीच्या टपावर दिवा असतो. गाडी रिकामी असली की तो हिरवा दिसतो आणि प्रवासी बसले की लाल होतो.

आरईआर बी ही रेल्वे टॅक्सीहून पुष्कळ स्वस्त पडते, शिवाय सहाव्या विभागाच्या जवळून जाते. तरुण मंडळींना मी तीच सुचवतो. परंतु ती खिसेकापूंसाठी बदनाम आहे, आणि बॅगा सांभाळताना माणसाचे लक्ष खिशावर राहत नाही. पॅरिसच्या अनेक स्थानकांत जिनेही चढावे लागतात. दोघांच्या मिळून एका टॅक्सीचा खर्च विचारात घेता आपण टॅक्सीच करावी.

हॉटेलची गाडी घ्यायचीच ठरवली तर रक्कम, टोल आणि प्रतीक्षेचा आकार हे सर्व लेखी मागवावे. विमानाचा क्रमांक त्यांना द्यावा, म्हणजे विमान उशिरा आले तरी गाडी थांबेल. तिथे आपल्या नावाचा फलक धरून एखादा उभा असेल, पण फलकावरचे नाव पाहून दुसराही कोणी पुढे होऊन "मीच तो" म्हणू शकतो. म्हणून हॉटेलचे नाव आणि आरक्षणाचा क्रमांक आपण न सांगता त्याच्याकडून वदवून घ्यावा.

प्रश्न : परतीच्या वेळी हॉटेलहून विमानतळावर जाताना निराळी काळजी घ्यावी लागते का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : फसवणुकीची भीती तेव्हा कमी असते, घोटाळा होतो तो विमानतळाचा आणि वेळेचा. अनेक मोठ्या शहरांत एकाहून अधिक विमानतळ आहेत. बँकॉकमध्ये सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, पॅरिसमध्ये शार्ल द गोल आणि ओर्ली, इस्तंबूलमध्ये तर एक विमानतळ युरोपच्या बाजूला आणि दुसरा आशियाच्या. नुसते "एअरपोर्ट" म्हणून गाडीत बसलात आणि चुकीच्या ठिकाणी उतरलात तर विमान चुकलेच म्हणून समजा. तिकिटावर विमानतळाचे नाव आणि टर्मिनलचा क्रमांक दोन्ही असतात. ते हॉटेलच्या स्वागत कक्षातून स्थानिक भाषेत लिहून घ्यावेत.

पहाटेचे विमान असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवावी, कारण अॅपवर पहाटे तीनला गाडी मिळेलच याची खात्री नसते. हॉटेलमधून गाडी बोलावताना मीटरची टॅक्सी की ठरावीक भाड्याची खासगी गाडी, हे स्पष्ट विचारावे. खासगी गाडी बहुधा महाग असते. स्थानिक चलन सगळे खर्चून टाकू नये, टोल आणि भाड्यापुरत्या नोटा शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. हे तीन तास विमानतळाच्या दाराशी पोहोचण्याच्या वेळेपासून मोजावेत, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत रस्त्यावर नेहमी किती वेळ जातो ते हॉटेलमधल्या माणसाला विचारून त्यात आणखी अर्धा तास धरावा.