रॅग्नारॉक म्हणजे देवांचा संधिप्रकाश? छे!

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या पुराणांवर बेतलेल्या एका फँटसी कादंबरीचं मराठी भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारलंय की 'रॅग्नारॉक'ला, म्हणजे त्या पुराणांतल्या देवांच्या शेवटच्या लढाईला, 'महाप्रलय' म्हणू की 'देवांचा संधिप्रकाश', आणि उच्चार नेमका काय.

महाप्रलय तर नकोच नको. 2017 चा तो थॉरचा सिनेमा आल्यापासून ऑफिसात प्रिंटर बंद पडला तरी पोरं 'रॅग्नारॉक झालं' म्हणतात, डोकं उठतं. प्रलयात सगळ्याचाच लय होतो, इथे मोठे मोठे देव आपापल्या ठरलेल्या वैऱ्याशी लढून मरतात. देवांचा राजा ओडिन, त्याला फेनरिर लांडगा गिळतो, थॉर महासर्पाला मारतो पण त्याच्या विषाने नऊ पावलं चालून कोसळतो. आणि नंतर समुद्रातून हिरवीगार जमीन वर येते, ते तर कुणाला आठवतच नाही.

'रग्ना' म्हणजे देवांचं, यात वाद नाही. भांडण पुढच्या तुकड्याचं. एड्डा-काव्यांत, म्हणजे या देवांच्या कथा सांगणाऱ्या जुन्या कवितांत, बहुतेक ठिकाणी 'रॉक' आहे, म्हणजे घटनांचा ओघ, शेवटी काय होणार ते. आपल्याकडे आयता शब्द आहे, गत, 'काय गत झाली बघ' मधली. पण 1220 च्या सुमारास आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसनने गद्य एड्डात लिहिलं 'रॉक्कर', म्हणजे तिन्हीसांज, आणि तिथूनच जर्मन शब्द, मग त्याच नावाचा जर्मन संगीतकार वाग्नरचा 1876 चा ऑपेरा, मग इंग्रजी आणि शेवटी आपले संधिप्रकाशवाले. विद्वान म्हणतात स्नोरीचा गोंधळ झाला, तेव्हा दोन स्वर एकमेकांत मिसळत होते वगैरे. एकट्या स्नोरीवर खापर का? 'लोकासेन्ना' या काव्यात लोकी देवांच्या पंगतीत एकेकाची लाज काढतो, तिथे लांडग्याने हात तोडलेला टीर देव त्याला सुनावतो की तुझा लांडगाही (फेनरिर लोकीचाच पोर) बेड्यांत देवांच्या 'रॉक्कर'ची वाट बघत बसलाय. एवढा नेमका टोमणा निव्वळ गफलतीतून येतो होय!

आणि मला रॉक्कर सोडवतच नाही, कारण त्याचे सोयरे बघा. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत 'रिक्विस' म्हणजे अंधार, ग्रीकमध्ये एरेबॉस म्हणजे पाताळातला काळोख, आणि संस्कृतात रजस्! धूळवाला रज नव्हे, वेदातला, अंतराळातला. नवग्रहांच्या पूजेत भटजी सूर्याला 'आ कृष्णेन रजसा वर्तमानो' म्हणतात ना, ते ऋग्वेदातलं, काळ्या रजातून येणारा सूर्य. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे यास्काचार्य निरुक्तात हा शब्द 'रज्' म्हणजे रंगणे या धातूवरून लावतात, लावोत बापडे, पण काळं रजस् आणि आइसलँडची सांज एका घरातले आहेत हे त्यांना गॉथिक येत असतं तर त्यांनीही मानलं असतं. रजनीलाही याच गोतावळ्यात ओढायचा मला मोह होतो, कोशकार नाकं मुरडतील, मुरडू देत.

संधिप्रकाश मला का खुपतो? एकतर तो पहाटेचाही असतो, आणि त्यात भीती कुठेय? तो फोटो काढायचा प्रकाश. आइसलँडमध्ये 'रॉक्कुर' आजही रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, मग आपणही घरचाच घ्यावा. 'देवांची कातरवेळ' लिहा, जीव टांगणीला लागलेला आपोआप येतो त्यात. मूळ 'रॉक'लाच धरून राहायचं असेल तर 'देवांची गत', मात्र ते कव्हरवर शोभणार नाही, प्रकाशक ओरडेल.

हां, उच्चार. तो 'रॅ' इंग्रजांचा, मुळात साधा 'र', जोरही त्याच्यावरच. शेवटचा स्वर मराठीत नाहीच, ओठ 'ओ'सारखे गोल ठेवून 'ए' म्हणून बघा.