कथा कळायला किती संज्ञा लागतात? आधी चिऊताईचं दार बघा

तुम्ही विचारलंय की मराठी कथा नुकत्याच वाचायला घेतल्यात, पण त्यांच्याबद्दलचे लेख वाचताना शब्द अडतात. तर निदान कोणत्या संज्ञा माहीत असाव्यात?

अकरावीत मी 'कथेचे घटक' पाठ केले होते. कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, भाषाशैली. गुण पडले, पण पुढे कथा वाचताना त्या यादीचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोगी पडली ती काऊ-चिऊची गोष्ट, म्हणून तीच घेतो.

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. हा झाला नुसता घटनाक्रम. 'शेणाचं होतं म्हणून वाहून गेलं' असं म्हटलंत की कथानक सुरू झालं. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली हाच फरक राजाराणीवरून समजावला होता: राजा मेला, मग राणी मेली, ही गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक.

आता कावळा दारात. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आतून उत्तर, "थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते." मग अंग पुसते, मग तीट लावते. संघर्ष म्हणजे मारामारी नव्हे, तो हा. एकाला आत यायचंय, दुसरीला उघडायचं नाहीये, मध्ये दार. चिमणीच्या मनात मात्र काही चलबिचल नाही, म्हणून ती सपाट पात्र. कडीला हात लावून ती क्षणभर थांबली असती, तर संघर्ष तिच्या आत गेला असता. दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथेला नवकथा म्हणू लागले. तिथे बाहेर घडणाऱ्या घटनेइतकंच, कधी जास्तच, मोल या आतल्या थांबण्याला आलं. त्याआधी लेखक ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' या पुस्तकात (१९३१) तंत्राचा, म्हणजे कथेच्या आखीव बांधणीचा, हिरिरीने पुरस्कार केला होता. समीक्षेत 'तंत्र' हा शब्द जरा नाक मुरडून आलेला दिसला, तर रोख बहुधा तिकडे असतो.

पण एकच संज्ञा शिकायची असेल तर निवेदक शिका. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. लेखकाने गोष्ट सांगायला नेमलेला आवाज. 'मी' म्हणून सांगत असेल तर प्रथमपुरुषी निवेदन. सगळ्यांच्या मनातलं त्याला ठाऊक असेल तर सर्वज्ञ निवेदक. आणि तो कुठे उभा आहे, हा झाला दृष्टिकोन. आपल्या गोष्टीत निवेदक कावळ्याबरोबर पावसात उभा आहे असं समजा. मग बाळाची आंघोळ खरंच चालू आहे की चिमणी टोलवतेय, हे आपल्याला कळणारच नाही. त्याला दाराच्या आत नेऊन बसवा. तीच वाक्यं, पण आता आपल्याला दिसतं ते ओलं, कुडकुडणारं पिल्लू आणि एकटी दमलेली आई. शब्द एक बदलला नाही, गोष्ट मात्र उलटली.

कलाटणी आणि पूर्वसूचना यांना काऊ-चिऊ पुरत नाहीत, म्हणून फ्रेंच कथाकार मोपासाँची हाराची कथा घेतो (१८८४). वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडा, मजा जाईल. माथिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार एका रात्रीपुरता मागून आणते आणि हरवते. नवराबायको ३६ हजार फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करतात आणि दहा वर्षं कर्ज फेडत राहतात. शेवटी कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा. ही कलाटणी. पण ती आकाशातून पडत नाही. हाराच्या डबीत ज्या सराफाचं नाव असतं, तो मध्येच सांगतो की हार मी विकलेला नाही, मी फक्त डबी दिली. ही पूर्वसूचना. पहिल्या वाचनात आपण ते वाक्य ओलांडून जातो. परत वाचताना तिथेच ठेच लागते. ज्या कलाटणीला मागे असं एकही वाक्य सापडत नाही, तिला मी लबाडी म्हणतो.

प्रतीकांच्या मागे सुरुवातीला लागू नका. शेण म्हणजे अमुक आणि मेण म्हणजे तमुक, असं करत बसलं की कथेचं कोडं होतं. आणि हिंदीतलं वाचत असाल तर एक सावधगिरी: मराठीत 'लघुकथा' म्हणजे साधी कथाच, हिंदीत मात्र 'लघुकथा' म्हणजे पानाअर्ध्यापानाची अगदी छोटी गोष्ट. कथेला ते 'कहानी' म्हणतात.

राहिलं आशयसूत्र, म्हणजे कथा मुळात कशाबद्दल आहे ते. इसापाच्या गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असतं. आशयसूत्र कुठे छापलेलं नसतं, ते सगळ्या कथेत मुरलेलं असतं आणि शेवट बदलला की तेही बदलतं. मी ऐकलेल्या एका शेवटात चिमणी अखेर दार उघडते आणि कावळ्याला ऊब घ्यायला तव्यावर बसवते, तो भाजतो. दुसऱ्यात ती त्याला नुसतीच आत घेते. आमच्या आजीकडे दोन्ही शेवट होते. आम्ही दिवसभरात किती भांडलो त्यावर कुठला मिळणार ते ठरायचं.